न पिण्याचा दाखला

जन्मात दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाला, आपण दारू पीत नाही असं सरकारकडून लिहून आणावं लागावं, यापेक्षा मोठा अपमान प्रभाकरराव झाडे यांच्या मते जगात दुसरा नव्हता. आणि तोही कुठे, तर वर्धा जिल्ह्यात! जिथे दारूबंदी आहे, म्हणजे कायद्यानं बघायला गेलं तर सगळेच न पिणारे. मग एकट्या प्रभाकररावांनीच कागद का आणायचा? हा प्रश्न ते अजूनही विचारतात आणि विचारताना त्यांचा आवाज इतका चढतो की समोरच्या मंदाबाई खिडकी लावून घेतात. लावून घेतात आणि फटीशी उभ्या राहतात.

सुरुवात झाली ती वादविवाद स्पर्धेपासून. सिंदी मेघेतल्या त्यांच्या कॉलनीत एक छोटं वाचनालय आहे. प्रभाकररावांनी निवृत्त झाल्यावर आपल्या वडिलांच्या नावाची एक फिरती ढाल त्या वाचनालयाला दिली आणि दरवर्षी वर्धापनदिनी वादविवाद स्पर्धा सुरू केली. नोकरी भूमी अभिलेख खात्यातली. चौतीस वर्षं त्यांनी लोकांची शेतं मोजली, हद्दी कायम केल्या आणि दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. त्यामुळे कुठल्याही गोष्टीला दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजूंनी आपल्याला शिव्या बसतात, यावर त्यांचा ठाम विश्वास होता.

पण स्पर्धेत बाजूच राहिल्या नव्हत्या. चार वर्षं विषय एकच, ‘मोबाइल शाप की वरदान’. पोरं तेच भाषण पाठ करून यायची. एका वर्षी तर दोन सख्खे भाऊ दोन्ही बाजूंनी एकच भाषण म्हणून गेले, फक्त शेवटचं वाक्य बदललं. परीक्षकांनी दोघांना विभागून ढाल दिली! प्रभाकरराव त्या रात्री जेवले नाहीत.

म्हणून यंदा त्यांनी खरा विषय काढला. आपल्या राज्यात कायद्यानं बीअर एकविसाव्या वर्षी चालते आणि बाकीची दारू पंचविसाव्या वर्षी. तेव्हा विषय असा: ‘मद्यपानाचे किमान वय सरसकट एकवीस करावे काय?’ त्यांनी पत्रकं छापून घेतली आणि वाचनालयाच्या दारावर स्वतः उभं राहून चिकटवली. यात काही चूक आहे असं त्यांना मुळीच वाटलं नाही. वाद हा वाद असतो, असं त्यांचं म्हणणं.

वाचनालयाचे अध्यक्ष भूपेंद्र यांचं पंख्याकुलरचं दुकान होतं. ते पत्रक वाचून तसेच घरी आले.

“भाऊ, विषय बदला.”

“का?”

“आपल्या जिल्ह्यात दारू बंद आहे न. इथं वय कायचं? जे चीज मिळतच नाई, तिचं वय काऊन ठरवता?”

“मिळतच नाही?” प्रभाकररावांनी चष्म्यावरून पाहिलं.

भूपेंद्रनी खिडकीबाहेर पाहिलं. “मंजे, कायद्यानं.”

नदी ओलांडली की दुसरा जिल्हा लागतो आणि पुलाच्या पलीकडच्या टोकाला बार लागतो, हे वर्ध्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तरी इथला माणूस ‘मिळत नाई’ म्हणतो ते अगदी मनापासून. प्रभाकररावांनी विषय बदलला नाही. पत्रकं छापून झाली होती, आणि शिवाय भूपेंद्रनी बदला म्हटलं होतं.

पुढची पायरी लाउडस्पीकरची परवानगी. पोलीस ठाण्यातल्या बाबूनं अर्ज वाचला, ‘मद्यपान’ शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि दारूबंदी खात्याचं पत्र आणायला सांगितलं. तिथे त्या खात्यात तीन दिवस साहेब दौऱ्यावर. चौथ्या दिवशी पत्र मिळालं: ‘वर्धा जिल्ह्यात दारूबंदी लागू असल्याने पिण्याच्या वयाचा प्रश्न उद्भवत नाही. सबब त्यावरील वादाचाही प्रश्न उद्भवत नाही. सबब या कार्यालयाची हरकत असण्याचा प्रश्न उद्भवत नाही.’ प्रभाकररावांनी ते तीन वेळा वाचलं. ठाण्यातल्या बाबूनं नुसता शिक्का पाहिला आणि परवानगी दिली.

मग नावं आली. चौदा. प्रभाकररावांनी यादी पाहिली आणि त्यांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. चौदाच्या चौदा स्पर्धक विषयाच्या विरोधात! विषयाच्या बाजूनं कोणी नाही. एका मुलीनं चुकून त्या रकान्यात सही केली होती. तिचा बाप दुसऱ्या दिवशी खोडरबर घेऊन आला. शाईची सही होती, म्हणून त्यानं ब्लेड मागितलं.

“अहो, ही नुसती बाजू आहे,” प्रभाकरराव म्हणाले. “वकील खुन्याची बाजू मांडतो, म्हणून तो खुनी होतो का?”

“वकिलाचं लगन झालं असते साहेब,” तो म्हणाला. “माया पोरीचं व्हायचं आहे.”

आता नियम असा होता की दोन्ही बाजूंना वक्ते नसतील तर स्पर्धा रद्द. नियम प्रभाकररावांनीच लिहिला होता, त्यामुळे मोडताही येईना. वडिलांच्या नावाची ढाल कपाटात राहणार! रागाच्या भरात त्यांनी जाहीर केलं, की विषयाच्या बाजूनं मी बोलतो. बक्षीस नको मला. पण या गावात एक तरी माणूस दुसऱ्या बाजूनं उभा राहील.

हे ऐकून त्यांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी हातातलं उलथनं तसंच तव्यावर ठेवलं.

“पंधरा दिवसांवर काजलचं साक्षगंध आलं. देवळीवाल्यांच्या कानावर गेलं मंजे?”

“काय जाईल कानावर? मी भाषण करतोय, पीत नाही.”

“लोकाइले दोन्ही सारखंच.”

काजल त्यांची एकुलती एक मुलगी. वय पंचवीस, फिजिओथेरपिस्ट. आतापर्यंत पाच स्थळं तिनं स्वतः नाकारली होती. देवळीचा अंकुश सहावा, आणि साक्षगंध म्हणजे साखरपुडा त्याच्याशीच ठरला होता. बापलेकांचं बियाण्याखतांचं दुकान, घरची शेती, बोलायला शांत. काजल हल्ली रोज संध्याकाळी फोन घेऊन गच्चीवर जायची आणि वरून तिचं हसू खाली स्वयंपाकघरात ऐकू यायचं. ते हसू ऐकलं की प्रमिलाबाई गॅस बारीक करायच्या. सांगायचं ते एवढंच, की यावेळी पोरीच्या मनात होतं आणि ते दोघांनाही माहीत होतं.

वर्धापनदिन उजाडला. सभागृह भरलं. अध्यक्ष भूपेंद्रनी दारूच्या दुष्परिणामांवर असं काही भाषण ठोकलं की पहिल्या रांगेतल्या दोन आजीबाई डोळे पुसायला लागल्या. मग चौदा स्पर्धक. चौदा वेळा तीच उद्ध्वस्त कुटुंबं, तेच काळवंडलेलं यकृत. आणि पंधरावे प्रभाकरराव.

पाच मिनिटं बोलून खाली यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण चौदा भाषणं ऐकून ते आधीच संतापले होते, आणि संतापले की ते उत्तम बोलतात, हे त्यांचं दुर्दैव.

“एकविसाव्या वर्षी पोरगा सरपंच होऊ शकतो!” त्यांनी टेबलावर हात आपटला. “गावाचा कारभार पाहायची अक्कल त्याला आहे, पण आपल्या पेल्यात काय आहे ते पाहायची नाही? एकविसाव्या वर्षी कायदा त्याला बोहल्यावर उभं करतो. बायको सांभाळ म्हणतो, पोरं सांभाळ म्हणतो. आणि पेला दिसला की म्हणतो, थांब, तू लहान आहेस! मग तो लपतो. गाडीच्या आडोशाला, उभ्या उभ्या, घाईघाईत. लपून पिणारा घाईत पितो आणि घाईत पिणारा जास्त पितो. त्याला समोर बसू द्या. बापाच्या समोर बसून प्यायची वेळ आली की अर्ध्या पेल्यात उठेल तो!”

टाळ्या. शिट्या. मागून कोणीतरी ओरडलं, “अनुभवाचे बोल!” सभागृह हसलं. प्रभाकरराव हसले नाहीत, पण मनातून सुखावले. चौतीस वर्षांत त्यांच्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती. ढाल नियमाप्रमाणे एका स्पर्धकाला गेली. परीक्षकांनी मात्र त्यांचा हात दाबून धरला आणि हळूच म्हटलं, “मनातलं बोललात.” हा हात एवढा का दाबला, हे प्रभाकररावांच्या दोन दिवसांनी लक्षात आलं.

कारण दोन दिवसांत ते भाषण वर्ध्यातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचलं होतं. आधीचं-नंतरचं सगळं कापून, नुसता टेबलावर हात आपटणारा माणूस आणि ‘त्याला समोर बसू द्या!’ परीक्षकांसकट साऱ्या गावानं त्यांना पिणाऱ्यांत मोजलं होतं.

पहिल्या आल्या मंदाबाई. प्रमिलाबाईंना आत नेऊन त्यांनी विचारलं, “कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“मी कोनाले नाई सांगत वहिनी. मोठ्या जावेच्या घरीही हेच होतं. एक पुडी येते. वरणात टाकजा, वास येत नाई, चव येत नाई.” आणि पुडीही सोबत आणलेली! तीन दिवस प्रभाकरराव वरण खाताना आधी वास घेत होते. प्रमिलाबाईंनी पुडी टाकून दिली असं शपथेवर सांगितलं तरी.

संध्याकाळी भूपेंद्र आले. खुर्ची जवळ ओढली, इकडेतिकडे पाहिलं.

“भाऊ, इतके वर्ष शेजारी राह्यलो, कधी पत्ता लागू देल्ला नाई तुमी. मानलं!”

“कशाचा पत्ता?”

“तेच. तुमचा मानूस कोन हाये? माया वाला आजकाल टायमावर आनून देत नाई.”

दारूच्या दुष्परिणामांवर आजीबाईंना रडवणारा हाच माणूस! प्रभाकररावांनी त्यांना ज्या शब्दांत घराबाहेर काढलं, ते शब्द त्यांनी शेतं मोजताना गोळा केले होते. भूपेंद्र गेले, पण जाताना गल्लीत म्हणत गेले, “घेतलेली दिसते आज.”

या सगळ्याला प्रभाकरराव पुरून उरले असते. त्यांचा राग तसा टिकाऊ होता. पण बुधवारी देवळीहून फोन आला. अंकुशचे वडील अण्णाजी.

“प्रभाकरराव, तुमचं भाषन पाह्यलं. पोराच्या मोबाइलवर. रविवारी येतो आमी. साक्षगंधाच्या आधी एक गोष्ट मोकळी झालेली बरी.”

“हो. या ना. म्हणजे कोणती गोष्ट?”

“समोरासमोर बोलू.”

प्रभाकररावांनी फोन ठेवला. गच्चीवरून हसू येत नव्हतं. काजल जिन्यात उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. ती पायऱ्या उतरून खोलीत गेली. प्रमिलाबाईंनी गॅस बंद केला, आणि ते प्रभाकररावांना चौदा भाषणांपेक्षा जड गेलं. पोरीचं लग्न आपल्या तोंडामुळे मोडतंय, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. पण कळलं तरी कबूल करतील ते प्रभाकरराव कसले! त्यांनी फायलीतून कोरा कागद काढला. सरकारी माणूस. बदनामी तोंडी झाली तर खुलासा लेखी द्यायचा, एवढंच त्यांना येत होतं.

गुरुवारी सकाळी ते सरकारी दवाखान्यात गेले. रांगेत दीड तास. डॉक्टर म्हणजे काजलच्याच वयाची मुलगी.

“काय होतंय काका?”

“काही होत नाही. मी दारू पीत नाही. तसा दाखला पाहिजे.”

तिनं पेन खाली ठेवलं. “प्यायलेल्याचा दाखला देतो आम्ही. पोलीस घेऊन आले तर. न पिणाऱ्याचा नमुनाच नाही.”

“मग न पिणाऱ्यानं काय करायचं?”

“घरी जायचं,” ती म्हणाली. तिचंही खरं होतं. बाहेर चाळीस माणसं खोकत होती. शेवटी पिच्छा सोडवायला तिनं केसपेपरवर चार शब्द लिहिले. बाहेर येऊन प्रभाकररावांनी वाचलं: ‘रुग्ण चिडलेला. दारू पीत नसल्याचे सांगतो.’

सांगतो! पीत नाही असं नव्हे, सांगतो! ते परत आत शिरायला गेले, तर शिपायानं नवीन रांग दाखवली.

शुक्रवारी दारूबंदी खातं. तिथला बाबू त्यांना ओळखत होता, वादाचा प्रश्न उद्भवत नाही म्हणणारा तोच. त्यानं शांतपणे समजावलं, की दुसऱ्या जिल्ह्यात पिणाऱ्याला परवाना मिळतो, इथे न पिणं हे गृहीतच आहे, आणि जे गृहीत आहे त्याचा दाखला देता येत नाही. “तुम्हाला दाखला दिला तर उद्या जिल्हा रांगेत उभा राहील,” तो म्हणाला. प्रभाकररावांनी त्याला विचारलं, जिल्ह्यातली किती माणसं खरं बोलून दाखला घेऊ शकतील? तेव्हा बाबू जेवायला गेला.

शनिवार उरला. प्रभाकरराव पोलीस चौकीत हवालदार रामाजींकडे गेले. रामाजींच्या शेताची मोजणी त्यांनीच एकेकाळी केली होती आणि बांध दोन हात रामाजींच्या बाजूनं निघाला होता, त्यामुळे ते जिल्ह्यातले एकमेव समाधानी खातेदार होते.

“साहेब, फुंकायचं यंत्र आहे आपल्याजवळ,” रामाजी म्हणाले. “पन पकडल्याबिगर कोनाले फुंकाले लावता येत नाई.”

“मग पकडा मला.”

“काऊन पकडू? तुमी पेले काय?”

“नाही! म्हणून तर पकडा म्हणतो!”

रामाजी विचारात पडले. अखेर असं ठरलं की रामाजी चौकात नाकाबंदीला उभे राहतील, प्रभाकररावांनी स्कूटर घेऊन समोरून यावं, जराशी वाकडी चालवावी, म्हणजे संशय येईल. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी प्रभाकररावांनी भर चौकात स्कूटर वाकडी चालवली. पहिल्या फेरीत रामाजी दुसऱ्याच गाडीवाल्याशी बोलत होते. दुसऱ्या फेरीत एका कुत्र्यासाठी ती खरोखरच वाकडी गेली आणि ते केळीच्या गाडीवर पडता पडता वाचले. तिसऱ्या फेरीत त्यांना रामाजींनी नव्हे, नव्या शिपायानं अडवलं. हेल्मेट नाही म्हणून पावती फाडली आणि वर दरडावलं, “काका, या वयात तरी शोभते का?”

मग एकदाचे रामाजी आले. प्रभाकररावांनी यंत्रात असं फुंकलं की डोळ्यांसमोर काजवे चमकले. आकडा आला शून्य. यंत्रातून बिलासारखी चिठ्ठी निघाली: नाव, वेळ, ठिकाण, शून्य शून्य. रामाजींनी मागे सही ठोकली. प्रभाकररावांनी चिठ्ठी वरच्या खिशात ठेवली आणि छाती काढून स्कूटरला किक मारली.

पण तोवर कोणीतरी फोटो काढला होता. ते घरी पोचायच्या आत तो कॉलनीच्या ग्रुपवर आला होता: तोंडात नळी, बाजूला पोलीस, आणि खाली भूपेंद्रचे दोन शब्द, ‘शेवटी पकडले.’

रविवारी अकरा वाजता अण्णाजींची गाडी दारात उभी राहिली. अण्णाजी स्वतः चालवत आले होते, शेजारी अंकुश. अण्णाजींच्या हातात कापडी पिशवी. बसल्यावर पाणी झालं, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, सोयाबीनचं काय म्हणता झालं. प्रभाकरराव खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते आणि एक हात खिशावर होता. काजल आतल्या दाराशी उभी होती.

“तर भाषन,” अण्णाजी म्हणाले.

“त्याचं असं आहे—”

“मले बोलू द्या. म्या दोनदा आयकलं ते. एकदा एकट्यानं बसून. बापाच्या समोर बसू द्या म्हनलं न तुमी, तिथं माया डोयात पानी आलं.” अण्णाजी जरा पुढे सरकले. “आता लपवून फायदा नाई. आमच्या घरी सारेच थोडी थोडी घेतात. मी घेतो, माया भाऊ घेते, अंकुशही कधीमधी बीअर घेते. तुमच्या घरी कसं सांगावं, याचाच मले घोर होता. सोवळ्याचं घर वाटे तुमचं. भाषन आयकलं अन् जीव हलका झाला पाहा. मानूस आपल्यातला निघाला!” आणि त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढून टीपॉयवर ठेवली. “इवायाची पहिली भेट. आता व्याही न आपन.”

प्रभाकररावांच्या वडिलांचा फोटो समोरच्या भिंतीवर होता. प्रमिलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. हसून बाटली कपाटात ठेवली असती, पोरीचं साक्षगंध उरकून घेतलं असतं आणि मग सावकाश सांगितलं असतं की डॉक्टरनं बंद करायला लावली. पण प्रभाकररावांनी आठवडाभर जे भोगलं होतं ते सगळं एकदम वर आलं.

“मी पीत नाही!” ते उठूनच उभे राहिले. “कधीच प्यायलो नाही! हे बघा, हा सरकारी दवाखान्याचा कागद. ही पोलिसांची चिठ्ठी. शून्य शून्य. सहीनिशी! आणि ती बाटली आधी उचला. माझ्या घरात दारू! या जिल्ह्यात! मला समजता काय तुम्ही?”

अण्णाजींनी चिठ्ठी घेतली, लांब धरून वाचली. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. ते गोंधळले होते.

“मंग भाषन?”

“ती बाजू होती. वादविवादात एक बाजू घ्यावी लागते.”

“मंजे ते मनात नव्हतं तुमच्या?”

“नव्हतं!”

“पाचशे मानसाइसमोर, टेबलावर हात मारून, मनात नसलेलं बोलले तुमी?” अण्णाजींनी चिठ्ठीची घडी घातली आणि परत केली. “प्रभाकरराव, पेनारा मानूस मले चालते. पहाटे तरी तो खरं बोलते. पन तुमी माया डोयात पानी आनलं अन् आता म्हनता ते खोटं होतं. मंग मांगच्या खेपेले तुमी तुमच्या पोरीचे येवढे गुन सांगितले, तेही एका बाजूनंच बोलले काय?”

चौतीस वर्षांत प्रभाकररावांना अनेकांनी निरुत्तर करायचा प्रयत्न केला होता. जमलं ते या बियाणं विकणाऱ्या माणसाला. अण्णाजींनी बाटली पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली, पिशवीत घातली आणि पिशवी उचलली.

“चाल अंकुश. इचार करून कळवतो आमी.” विचार करून कळवतो म्हणजे काय, हे मुलीच्या बापाला कोणी समजावून सांगावं लागत नाही. अण्णाजी पायऱ्या उतरून गाडीकडे गेले.

तेव्हा काजल बाहेर आली.

“बाबा, बसा खाली,” ती म्हणाली. आवाज शांत होता, पण प्रभाकररावांनी तो ओळखला. तो त्यांचाच होता. “पूर्ण आठवडा दवाखाना, खातं, पोलीस. चौकात स्कूटर. सगळ्या गावाला लेखी खुलासा द्यायला निघालात. मला एकदा तरी विचारलं, पोरी, तुझं काय म्हणणं आहे?”

प्रभाकरराव बसले. त्यांनी खरंच विचारलं नव्हतं. आपण हे सगळं काजलसाठी करतोय असं ते स्वतःला सांगत होते, आणि केलं होतं ते स्वतःच्या नाकासाठी. हे कळल्यावर त्यांना सगळ्यात जास्त राग स्वतःचा आला आणि तो काढायला समोर कोणीच नव्हतं.

काजल अंकुशकडे वळली. तो दाराशी उभा होता.

“आणि तुमचं काय मत आहे?”

अंकुशनं बाहेर गाडीकडे पाहिलं. “बाबा म्हनतीन तसं.”

“रोज तासभर माझ्याशी बोलता, तेव्हा बाबा काय म्हणतात?”

अंकुश दाराच्या कडीशी चाळा करू लागला.

“वय किती तुमचं?”

“सव्वीस.”

“सव्वीस,” काजल म्हणाली. “कायद्यानं सगळं करता येतं तुम्हाला. दारूसुद्धा पिता येते, पुलापलीकडे. स्वतःचं मत तेवढं ठेवता येत नाही. मला नवरा पाहिजे होता. बापाला विचारून सांगणारा माणूस या घरात आणखी नको, इथे मीच पुरे होते, आणि मीही आजपासून नाही.”

प्रमिलाबाई ‘काजल’ असं म्हणाल्या, पण मोठ्यानं नाही. बाहेर हॉर्न वाजला. अंकुश मान खाली घालून पायरीवर बसला आणि बूट घालू लागला. नाडीचे बूट. एक घातला. दुसरा हातात घेतला आणि तो बराच वेळ हातातच राहिला. हॉर्न पुन्हा वाजला, यावेळी लांब. समोरची खिडकी उघडली आणि मंदाबाई सरळ बाहेर वाकल्या, फटीबिटीचा विचार न करता.

काजल दारातच उभी होती. तिचे डोळे भरले होते आणि ते तिनं पुसले नाहीत.

तिसरा हॉर्न वाजला तेव्हा अंकुशनं हातातला बूट खाली ठेवला. मग पायातलाही काढला. दोन्ही बूट भिंतीशी नीट लावून ठेवले आणि मोज्यांवरच गाडीपाशी गेला. तो काय बोलला ते घरात ऐकू आलं नाही. मंदाबाईंना ऐकू आलं असावं, कारण त्यांनी कपाळाला हात लावला. गाडी थोडा वेळ तशीच थरथरत उभी राहिली आणि मग एकट्या अण्णाजींना घेऊन देवळीकडे निघून गेली.

अंकुश परत आला आणि प्रभाकररावांसमोर उभा राहिला.

“मी बीअर घेतो काका,” तो म्हणाला. “कधीमधी. ते खरं आहे. अन् मले काजलशीच लगन करायचं आहे. हेही माया मनातलं आहे, कोनाच्या बाजूनं नाई.”

या पोराला हाकलायचं की जवळ घ्यायचं, ते प्रभाकररावांना ठरवता येईना, आणि ठरवता आलं नाही की ते ओरडायचे. तसे ते प्रमिलाबाईंवर ओरडले.

“अगं, बघत काय उभी राहिलीस? जावई मोज्यांवर उभे आहेत! चहा टाक!”